राखणीतला वाटा

राधानगरी हे गाव कामासाठी वसलं. महाबळेश्वर-माथेरानसारखं कुणा साहेबाला उन्हाळा सोसवेना म्हणून ते उभं राहिलेलं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छत्रपती शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरण बांधायचं मनावर घेतलं, फेजिवड्याची जागा नक्की केली आणि धरणाच्या कामाबरोबर तिथं नवी पेठ बसवली. कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब, यांचं नाव पेठेला दिलं आणि महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव धरणामागच्या पाण्याला. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, कोकणात उतरणाऱ्या फोंडा घाटाच्या वाटेवर धरण उभारायचं म्हणजे दगड फोडणारे, चुना मळणारे, गाडीवान, कारकून आणि या सगळ्यांना तेल-मीठ पुरवणारे दुकानदार, ही माणसं बाहेरूनच यायची. पोटापाण्यासाठी राधानगरीत राहायला येणं ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

त्याच महाराजांना या डोंगराची दुसरीही ओढ होती. दाजीपूरचं रान हे करवीर संस्थानाचं राखीव शिकारीचं रान, आणि महाराज शिकारीचे पक्के शौकीन. राधानगरीतला हत्तीमहाल आणि तलावातली बेनझीर व्हिला या वास्तू त्या ओढीच्या खुणा आहेत. धरण आणि शिकार, काम आणि रान या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांचं एकमेकींशी भांडण नव्हतं.

आज पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरात संगणकावर काम करणाऱ्या कितीतरी तरुणांच्या मनात हीच जोडी आहे. २०२० च्या टाळेबंदीनं त्यांना दाखवून दिलं की कचेरीत न जाताही पगार होतो. मग प्रश्न येतोच, पगार घरबसल्या होणार असेल तर घर हिंजवडीच्या चौदाव्या मजल्यावरच का हवं? ते डोंगरात का नको? दिवसभर काम करावं, पाच वाजता पडदा मिटावा आणि दार उघडून सरळ रानात चालू लागावं. राधानगरी यासाठी सोयीची वाटते. कोल्हापूर तासा-दीड तासावर, म्हणजे दवाखाना, बाजार, रेल्वे हाताशी. जंगल उंबऱ्याशी. पाणी डोळ्यांपुढे. ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. माणसानं झाडाझुडपांत राहावं असं वाटण्यात चैनीखोरपणा नाही, आणि शहरानं दमलेल्या माणसाला डोंगर बोलावतो यात नवल तर मुळीच नाही.

मला सांगायची गोष्ट याच्या पुढची आहे. डोंगरात जो मोकळेपणा दिसतो, तो आपोआप मोकळा राहिलेला नसतो. कुणीतरी तो राखलेला असतो, आणि राखताना स्वतःचं काहीतरी सोडलेलं असतं. राहायला येणारा माणूस त्या मोकळेपणाचा धनी होतो, तसा त्याच्या राखणीचाही भागीदार व्हायला हवा. तो भागीदार झाला तर गावचा झाला. नाही झाला, तर दहा वर्षं राहिला तरी मुक्कामालाच आलेला. एवढीच गोष्ट आहे, पण ती सावकाश उलगडून बघण्यासारखी आहे, कारण राधानगरीत ती पाण्यापासून वाघापर्यंत सगळीकडे लागू पडते.

आधी पाणी बघू. महाराजांच्या हयातीत धरण पुरं झालं नाही. १९२२ साली ते गेले, काम रेंगाळलं आणि स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात पूर्ण झालं. आज त्यात ८.३६ टीएमसी पाणी मावतं. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हा कोल्हापुरी माणसाच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो अभिमान योग्य आहे. भर पावसात सांडव्याच्या खालच्या अंगाला उभं राहून हे बघावं. दरवाजा उचलायला मोटर नाही, वीज नाही, कळ फिरवणारा माणूस नाही. पाणी ३४७.५० फुटांच्या पातळीला टेकलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजा उचलला जातो. आधी पायथ्याशी पांढरा पट्टा दिसतो, मग तो जाड होत जातो, आणि बघता बघता बोलणं ऐकू येईनासं होतं. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडतं. पातळी उतरली की दरवाजा आपला आपण बसतो. पहिला उघडेल तो पहिल्या नंबरचाच असंही नाही. कधी सहावा आधी, कधी तिसरा.

हे पाणी पुढे पंचगंगेत जातं, आणि तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. म्हणून ‘राधानगरीचे किती उघडले?’ हा प्रश्न पावसाळ्यात घराघरांत विचारला जातो. २००५, २०१९, २०२१ चे पूर ज्यांनी बघितले त्यांना या प्रश्नातली काळजी सांगायला नको. उन्हाळ्यात हेच पाणी भोगावतीच्या पात्रात सोडलं जातं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे अडतं आणि करवीरचा ऊस हिरवा ठेवतं. शेजारचं काळम्मावाडीचं धरण याहून मोठं. तिथून ५३ किलोमीटर थेट पाईपलाईन टाकून २०२३ च्या दिवाळीत कोल्हापूर शहराला पाणी पोचलं.

आता हे पाणी जिथं साठतं तिथल्या माणसाच्या बाजूनं बघा. चांगली, सपाट, नदीकाठची जमीन पाण्याखाली जाते. राहते ती उताराची. काळम्मावाडीच्या धरणात गावंच्या गावं गेली, माणसं खाली सपाटीला पुनर्वसनात गेली, देव सोबत घेऊन गेली. वर राहिलेल्यांच्या वाट्याला पाऊस भरपूर, पण उन्हाळ्यात उशाशी धरण असूनही उतारावरच्या वाड्यांना पाण्यासाठी पायपीट. दरीच्या तळाचं पाणी वर चढवायला पैसा लागतो, आणि तो पैसा उसाच्या पट्ट्यात असतो. लक्ष्मी तलावाच्या काठी संध्याकाळी बसून जी निळाई आपण बघतो, ती कुणाच्या तरी भाताच्या खाचरांवर उभी आहे. हे माहीत असलं म्हणजे निळाईची गोडी कमी होते असं नाही. पण आपण कुणाच्या दारात बसलो आहोत ते कळतं.

रानाचं असंच आहे. दाजीपूरचं रान टिकलं ते पहिल्यांदा राजाच्या हुकमानं. शिकारीसाठी का होईना, पण रान राखीव होतं. १९५८ साली गव्यांसाठी ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ साली राधानगरीचं रान जोडून त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरवर गेला. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. कागदावर या तारखा पायऱ्यांसारख्या चढत जातात. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसासाठी प्रत्येक पायरीचा अर्थ एकच होता, आणखी काही गोष्टी बंद. चराई बंद, जळणाला फांदी तोडणं बंद, हिरडा-मध गोळा करायचा तर परवानगी हवी. शिकारही थांबली, ते चांगलंच झालं. पण गव्यांची संख्या सावरली तशी गव्यांची भूकही शेतात आली.

रात्रीची राखण ज्यानं बघितलेली नाही त्याला राधानगरीचं रान अर्धंच कळलं, असं मी म्हणेन. भात निसवलेलं असतं. दिवाळीच्या मागेपुढे थंडी पडायला लागलेली असते. शेताच्या बांधावर चार मेढी रोवून, वर पाला टाकून माळा केलेला. त्यावर घोंगडं पांघरून एक जण बसतो, बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेला, कारण पोरं शहरात. हाताशी बॅटरी आणि बडवायला पत्र्याचा रिकामा डबा. मध्यरात्रीनंतर गवे उतरतात. गव्याचं आधी काहीच ऐकू येत नाही, एवढं मोठं धूड असून. बॅटरीच्या झोतात आधी डोळे चमकतात, मग गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. डबा वाजतो, लांब पलीकडच्या शेतातून दुसरा डबा उत्तर देतो, हाळी उठते. कळप हलला तर हलला. नाही हलला तर माळ्यावर गप्प बसून राहायचं, कारण हजार किलोच्या जनावरापुढे डबा घेऊन उतरणं हा शहाणपणा नव्हे. सकाळी जे उरतं ते कापायचं.

असे किती हंगाम, किती माळे, किती जागलेल्या रात्री. गवा आज दाजीपूरला आहे याचं श्रेय वनखात्याला आहे, कायद्याला आहे, आणि या माळ्यावर बसलेल्या माणसालाही आहे, कारण त्यानं पीक जाताना बघितलं आणि तरी विष घातलं नाही, तारेत वीज सोडली नाही. सगळेच असे सोसतात असं नाही. पण बहुतेकांनी सोसलं म्हणून कळप राहिले. ज्या गव्याचं छायाचित्र काढायला आपण पहाटे जीपमध्ये बसतो, त्याला त्या घरानं निम्मं शेत घातलेलं असतं.

वाघाची गोष्ट तर याहून विलक्षण. राधानगरी हा सह्याद्रीतल्या वाघांच्या जाण्यायेण्याचा मार्ग आहे. दक्षिणेला गोव्या-कर्नाटकाची जंगलं, उत्तरेला चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि मध्ये ही चिंचोळी हिरवी पट्टी. २०२२ साली राधानगरीच्या रानात कॅमेऱ्यात टिपलेला एक नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत पुन्हा कॅमेऱ्यापुढून गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली. सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे शंभर किलोमीटर. मधे रस्ते, वाड्या, घाट, ऊस. कुठून गेला, कधी गेला, बहुतेकांना पत्ता नाही. एवढ्या लांबवर त्याला वाट मिळाली ती कुंपण नसलेल्या मोकळ्या जमिनीमुळे. कुणाच्या तरी पडीक माळावरून, कुणाच्या तरी देवराईच्या कडेनं तो गेला असणार.

तिसरी राखण माणसांची. हे डोंगर शांत वाटतात, वाडीत शिरलं की म्हातारीकोतारी दिसतात, दोन घरांना कुलूप असतं. येणाऱ्याला ही शांतता आवडते. ती निसर्गाची देणगी आहे असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचं कारण मुंबई आहे. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड, या साऱ्या डोंगरपट्ट्यातल्या तरुणांनी लालबाग-परळच्या गिरण्या चालवल्या. एकेका गावाची एकेक खोली असायची, तिच्यात पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याला मनीऑर्डर धाडायची. भात लावलं, म्हसरं सांभाळली, डोंगरातून जळणाचे भारे आणले, सासू-सासऱ्यांचं केलं ते मागे राहिलेल्या बायकांनी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा कधी पहिल्यासारख्या वाजल्या नाहीत. कितीतरी माणसं त्यानंतर पेटी उचलून गावी आली. त्यांची मुलं आता शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जातात, किंवा पुन्हा मुंबईलाच. गावात रोज हातात पैसा येतो तो दुधाचा. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटली घेऊन उभी असलेली बाई, हेच इथलं रोजचं अर्थकारण.

इथं एक गंमत लक्षात येते, म्हणजे मला तरी ती फार महत्त्वाची वाटते. गिरणीतला माणूस कमवायचा तिकडे आणि त्याचा पैसा यायचा डोंगरात. आज डोंगरात राहून संगणकावर काम करणाराही कमावतो तिकडचंच, पैसा येतो इकडेच. मनीऑर्डरीची जागा बँकेच्या संदेशानं घेतली, एवढाच बाहेरून फरक. पण गिरणीवाल्याचं नाव गावच्या वहीत होतं. देवळाच्या कौलांना त्याची वर्गणी, शाळेच्या खोलीला त्याच्या मंडळाचे पत्रे, यात्रेला तो हजर, भावकीत मयत झालं तर रात्रीच्या गाडीनं निघणारच. तो लांब राहूनही गावचा होता. नवा येणारा जवळ राहूनही कुठल्या वहीत नसतो. त्याचा पैसा गावात येतो खरा, पण बहुतेक कुरियरच्या खोक्यांतून परत जातो. डेअरीच्या ओट्यापासून शंभर पावलांवर राहणारा माणूस पिशवीतलं दूध कोल्हापुराहून आणतो तेव्हा कुणी त्याला काही म्हणत नाही. फक्त त्याच्याशी बोलणं ‘पावणं, कधी आलासा?’ याच्या पुढे जात नाही.

जमिनीची गोष्टही सांगायला हवी, कारण पहिली ठेच तिथंच लागते. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचं ६३ वं कलम ते अडवतं. अनेकांना हा जाच वाटतो. मला वाटतं, या कलमानं डोंगरातली पुष्कळ जमीन कसणाऱ्याच्या हातात ठेवली. तरी आडवाटा निघतात. कुणाचा जुना सातबारा कामी येतो, कुठे बिनशेती प्लॉट पडतात. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पोराच्या शिक्षणाला, मुलीच्या लग्नाला, आजारपणाला एकरकमी पैसा शेतीतून उभा राहत नाही. प्रश्न घेणारा काय घेतो याचा आहे.

त्याला हवा असतो ‘व्ह्यू’, आणि तो मिळतो सड्याच्या काठावर. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. उन्हाळ्यात काळाठिक्कर, तापलेला, उपयोगाचा नाही असा दिसतो. पण पावसाचं पाणी त्याच सच्छिद्र खडकात जिरतं आणि खाली उतारावर झरे होऊन निघतं. त्याच झऱ्यांवर खालच्या वाडीची उन्हाळ्यातली तहान भागते. श्रावण-भाद्रपदात बोटभर मातीत फुलांचे गालिचे येतात, तिथंच धनगरांची म्हसरं चरतात. सड्याच्या पोटात बॉक्साइट आहे, आणि याच तालुक्यात दुर्गमानवाडला त्याच्या खाणी निघाल्या. खाणीनं सडा खरवडला की आपल्याला राग येतो. त्याच सड्याच्या काठावर कूपनलिका मारून, तळं खोदून, हिरवळीला पाणी घालणारा बंगला झाला की तो सुंदर दिसतो. झऱ्याच्या दृष्टीनं दोन्हींत फरक फक्त आकाराचा आहे. आणि पहिल्या वर्षी बंगला होतो, दुसऱ्या वर्षी कुंपण. कुंपणात पिढ्यान्पिढ्यांची पाणंद अडकते, शाळेची पायवाट वळसा घेते, गव्याचा रस्ता शेजाऱ्याच्या भातावर ढकलला जातो.

स्वित्झर्लंडसारख्या डोंगराळ आणि श्रीमंत देशालाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. तिथल्या सुंदर गावांत सुट्टीपुरती उघडणारी घरं इतकी झाली की गावच्या पोरांना घर परवडेना. शेवटी २०१२ साली लोकांनी मतदान करून ठरवलं, कुठल्याही गावात अशी दुय्यम घरं २० टक्क्यांच्या वर नकोत. आपल्याकडे पश्चिम घाटासाठी २०११ साली माधव गाडगीळ समितीचा आणि २०१३ साली कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, मसुद्यांवर मसुदे निघाले, आणि प्रत्येक वेळी विरोध झाला. गावकऱ्यांची भीती अशी की बंधनं आम्हाला आणि मोकळीक पैसेवाल्याला. ही भीती खोटी आहे असं म्हणायचं धाडस मला होत नाही. गाडगीळांच्या अहवालाचा गाभाच असा होता की ठरवणारी ग्रामसभा असावी. चर्चा झाली ती मात्र नकाशावरच्या रंगांची.

म्हणजे डोंगरात कुणी येऊच नये का? तसं मला मुळीच म्हणायचं नाही. राधानगरीला माणसं हवी आहेत. शिकलेली, कमावती, पोरंबाळं घेऊन राहणारी माणसं आली तर पटसंख्येअभावी बंद पडायला आलेली शाळा वाचते. फक्त राखणीत वाटा उचलायचा म्हणजे काय, हे आधी कळायला हवं, आणि ते कळायची जागा म्हणजे इथला पावसाळा. दाजीपूरच्या अंगाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हौशी माणूस जूनच्या सुरुवातीला काजवे बघून जातो, ऑगस्टात राऊतवाडीच्या धबधब्यावर गर्दी करतो, हिवाळ्यात अभयारण्य उघडलं की परत येतो. राहणाऱ्याला मधले दिवस काढावे लागतात. आषाढात सलग पंधरा पंधरा दिवस ऊन नसतं. कपडे चुलीवर वाळवावे लागतात, चपलेला, पुस्तकाला, गादीला बुरशी धरते. पावसाच्या अंगाच्या भिंतीला गवताच्या झडी बांधल्या नाहीत तर ओल आत येते. वीज जाते ती दोन दिवस येत नाही, मग मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी संपते आणि नेटही जातं. सकाळी नऊची बैठक असते आणि पडद्यावर काहीच नसतं. जळण उन्हाळ्यातच रचून ठेवायचं असतं, हे पहिल्या वर्षी कुणाला सुचत नाही, आणि शेजारीण न बोलता दोन मोळ्या आणून टाकते. राखणीतली पहिली देवघेव अशी होते.

म्हणून ज्याला खरंच जायचं आहे त्यानं जमीन बघू नये, आधी वाडीत भाड्यानं एक खोली घ्यावी, आणि ती वैशाखात न घेता आषाढात घ्यावी. रोपलावणीच्या दिवसांत जावं. चिखलात वाकून दिवसभर तरू लावणाऱ्या बायकांची गाणी लांबून ऐकायला छान वाटतात. त्यांच्या ओळीत उभं राहून दोन तास लावलं की पाठ सांगते भात काय भावानं घ्यावं. मग तो तांदूळ, ती नाचणी, ते दूध गावातून घेताना घासाघीस होत नाही. घराबाहेरचा दिवा रात्री बंद ठेवायचा हे काजव्यांच्या दिवसांत आपोआप कळतं, कारण नर आणि मादी एकमेकांना उजेडाच्या इशाऱ्यानंच शोधतात, आणि आपल्या गाडीच्या दिव्यात तो इशारा बुडतो. काजव्याचं पिल्लू त्याआधी कित्येक महिने ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढलेलं असतं. अंगण चकचकीत ठेवायचं म्हणून पाचोळा जाळला की पुढच्या वर्षीचे काजवे जळाले. कुत्रा पाळला तर त्याला लस टोचायची आणि रानात मोकळा सोडायचा नाही, कारण त्याचे रोग कोळशिंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांना, होतात. कुंपण घालायचंच तर पाणंद सोडून घालायचं, आणि ती कुठून जाते ते नकाशात न बघता वाडीतल्या म्हाताऱ्याला विचारायचं.

पण हा झाला सांभाळून राहण्याचा भाग, राखणीचा खरा वाटा त्याच्या पलीकडे आहे. शहरातून येणाऱ्याकडे एक गोष्ट असते जी वाडीत कमी असते: कागदाशी आणि कचेरीशी बोलायची सवय. धनगरवाड्यावरून रुग्णाला आजही पावसात झोळीत घालून सडकेपर्यंत आणावं लागतं. रस्त्याचा अर्ज कुठे अडकला हे विचारणारा कुणी नसतो, कारण विचारायला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. संगणकाशी बसणाऱ्याला तो प्रश्न घरबसल्या विचारता येतो. ग्रामसभेला पाच माणसं जमत नाहीत, तिथं त्यानं सहावं बसावं. बोलण्याची घाई करू नये. वर्षभर नुसतं ऐकलं तरी कुठल्या झऱ्यावर कुणाचा हक्क, कुठल्या देवराईत फांदी मोडत नाहीत, कुणाचं कुणाशी का बोलणं नाही, हे उमगत जातं, आणि मग त्याचा सल्ला कुणाला टोचत नाही.

गव्यानं पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी वेळेत कळवावं लागतं, अर्ज करावा लागतो, सातबारा जोडावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो, त्यावर सह्या लागतात, बँकेचं खातं चालू असावं लागतं. मुलगा मुंबईत, सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, वारसनोंद झालेली नाही, अशा घरातला माळ्यावर जागणारा माणूस हे सगळं बघून हात टेकतो. ‘ऱ्हाऊं दे, जनावरच हाय, खाल्लं तर खाल्लं,’ असं म्हणतो. हे म्हणणं ऐकणाऱ्याला त्यात मोठेपणा दिसतो, आणि तो आहेही. पण निम्मं भात गेलेल्या घरात त्या मोठेपणावर वर्ष निघत नाही. एका वाडीतली अशी दहा घरं, प्रत्येकाची वारसनोंद, प्रत्येकाचे पंचनामे, शेताचे फोटो, तारखांची वही, एवढं काम ज्याला संगणक येतो त्याला आठवड्यातल्या दोन संध्याकाळींचं आहे. लावण संपली की श्रावणाच्या तोंडाला लोकांना जरा उसंत असते, तेव्हा कागद गोळा करायला बसावं. भात पोटरीला आलं की गवे पुन्हा खाली उतरतात. त्याआधी मागच्या हंगामाची प्रकरणं तालुक्याला पोचलेली असली पाहिजेत.